कोलेस्टेरॉलचा हिशेब: रिपोर्ट हातात आल्यापासून पुढचे बारा आठवडे

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला आणि रात्रीच्या जेवणाआधी माझ्याकडे सात सल्ले जमले. उपाशीपोटी लसणाची पाकळी, अर्जुनाची साल, दुधीचा रस, तूप पूर्ण बंद, गावरान तूप रोज दोन चमचे, "गोळी अजिबात सुरू करू नकोस, सुटत नाही" आणि "लगेच सुरू कर". सगळे सल्ले देणारे पुण्याचेच, त्यामुळे कोणाच्याही आवाजात शंका नव्हती.

वय 47, वजन 62 किलो, पोट म्हणावं असं काही नाही. आठवड्यातून तीनदा तळजाईची टेकडी चढून येणारा माणूस मी. तरी एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं "वाईट" कोलेस्टेरॉल, 148. बाबांना 54 व्या वर्षी अटॅक आला होता. त्याआधी दोन वर्षं त्यांनी "रिपोर्ट नॉर्मल आलाय" म्हणून गोळी स्वतःच बंद केली होती. त्यामुळे यावेळी मी सल्ल्यांचा नाद सोडला आणि कागद-पेन्सिल घेतली. "पथ्य की गोळी" असं भांडण घालण्यात अर्थ नाही, हे मला तेव्हा कळलं. आपण कुठे आहोत, कुठे पोहोचायचं आहे, पथ्याने त्यातलं किती अंतर कापलं जाईल आणि बाकी किती उरेल, एवढी वजाबाकी करायची असते. ती कशी करायची ते पुढे लिहितो. गोळीचा निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचा. तुम्ही समोर बसाल तेव्हा प्रश्न नेमके विचारता यावेत, एवढ्यासाठी हा लेख.

पायरी 1: रिपोर्ट नीट वाचा

बहुतेक जण सगळ्यात वरचा "टोटल कोलेस्टेरॉल" वाचतात आणि थांबतात. माझा होता 228. लॅबची रेघ 200 वर, म्हणजे "थोडंसंच वाढलंय". पण खालचे आकडे बघा: एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) 38, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 210.

एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. 228 वजा 38, म्हणजे 190. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. ज्यांची ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असतात (आपल्याकडे असे लोक घरोघरी आहेत), त्यांच्यासाठी हा आकडा एलडीएलइतकाच, कधी कधी जास्त बोलका असतो. पुष्कळ रिपोर्टांत तो छापलेलाही नसतो. वजाबाकी स्वतः करा आणि कडेला लिहून ठेवा.

एलडीएलचा आकडा अनेक लॅब थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. माझ्या बाबतीत 228 − 38 − 42 = 148. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेली की हे सूत्र कोलमडतं. तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.

उपाशीपोटी जाण्याचा धर्म आता पूर्वीइतका कडक राहिलेला नाही. पहिल्या तपासणीसाठी नाश्ता झाला असला तरी चालतं. ट्रायग्लिसराइड फार जास्त आली तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करा. ताप, मोठं आजारपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर काही आठवडे थांबा. आजारपणात एलडीएल तात्पुरतं खाली येतं आणि खोटा दिलासा देतं.

आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए) ही तपासणी करून घ्या. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या रिपोर्टमध्ये, ती नसते, वेगळी मागावी लागते. हा एलडीएलसारखा घटक जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असतो. भाकरी खाऊन किंवा टेकडी चढून तो हलत नाही. दर डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या सगळ्या गोष्टींत जास्त काटेकोर राहायचं, एवढाच त्याचा उपयोग. पण तो उपयोग मोठा आहे, कारण भारतात साधारण चारांतल्या एकाचा आकडा वाढलेला असतो.

पायरी 2: एलडीएल एकटं नसतं

रिपोर्ट बाजूला ठेवा आणि शिंप्याची टेप घ्या. पोट आत न ओढता, श्वास सोडून, कमरेचं हाड आणि शेवटची बरगडी यांच्या मधोमध मोजा. पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही आपल्याकडची रेघ. पॅन्टच्या नंबरावर जाऊ नका. पॅन्ट पोटाखाली सरकवता येते.

"मी तर बारीक आहे" हा माझा जुना दिलासा होता. तो मोडून काढणारं काम पुण्यातच झालंय, याची मला थोडी गंमत वाटते. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी "थिन-फॅट इंडियन" ही कल्पना मांडली. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशेबात वजन) सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवतो, आतला मामला वेगळा. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेघ 25 वर नसून 23 वर धरतात.

आपल्याकडे अटॅक लवकरही येतो. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आला होता, इतरांना जवळपास 59 व्या वर्षी. कारणं मात्र तीच होती: तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोट, ताण, कमी भाज्या-फळं, बसून राहणं.

आता एका कागदावर उत्तरं लिहा. बीपी किती? घरी, पाच मिनिटं शांत बसून, सलग काही दिवस मोजलेलं. दवाखान्यातलं एकदाचं नको. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती? तंबाखू आहे का? मिश्री आणि गुटखाही त्यातच धरायचा. वडील-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत अटॅक आला होता का? किडनीचा त्रास? स्त्रियांनी दोन गोष्टी आणखी लिहाव्यात: पाळी कधी थांबली आणि गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का. डॉक्टर हे विचारायला विसरतात, आपण सांगायला विसरू नये.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये आपल्या लोकांसाठी लक्ष्यं ठरवून दिली. धोका कमी किंवा मध्यम असेल तर एलडीएल 100 च्या खाली आणि नॉन-एचडीएल 130 च्या खाली. मधुमेह किंवा बीपी असलेले जास्त धोक्याच्या गटात: 70 आणि 100. अटॅक, पक्षाघात, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) किंवा किडनीचा आजार असलेल्यांसाठी 55 आणि 85. म्हणजे लॅबच्या रिपोर्टवर छापलेली "नॉर्मल" मर्यादा सगळ्यांसाठी एकच असली, तरी तुमचं लक्ष्य तुमच्या कागदावरून ठरतं. स्टेंट बसवलेल्या माणसाचं एलडीएल 95 आलं आणि सगळे खूश झाले, हे दृश्य मी दोन घरांत पाहिलंय. तिथे आनंद मानायचं काही नव्हतं.

एलडीएल 190 किंवा त्याच्या वर असेल तर गोष्ट वेगळी. तो घराण्यातून आलेला आजार असू शकतो. तिथे पथ्याने बघू म्हणत थांबायचं नाही, आणि भावंडांची-मुलांचीही तपासणी करायची.

पायरी 3: आधी चोर दुसरा तर नाही ना?

थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइडच्या गोळीनेच आकडा खाली आलेले लोक आहेत. किडनी, लिव्हर, अनियंत्रित शुगर आणि स्टिरॉइडसारखी काही औषधं, हेही एकदा तपासून खोडून टाका.

पायरी 4: स्वयंपाकघर

सुरुवात तेलाच्या डब्यापासून. महिन्याला माणशी अर्धा लिटर हा जुना, सोपा ठोकताळा अजून उपयोगी आहे. चौघांच्या घरात दोन लिटर. आमच्याकडे पाच लिटरचा डबा पंचवीस दिवसांत संपत होता आणि बायकोचं मत होतं की "आपण तेल खातच नाही". दोघांनी मिळून डब्यावर मार्करने तारीख लिहायला लागलो. तेवढ्यानेच पहिल्या महिन्यात तेल कमी झालं.

कोणतं तेल, यावर पुण्यात तासन्‌तास वाद चालतो. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी, तीळ यांपैकी काहीही चालेल. आलटून पालटून वापरा. घाण्याचं तेल चवीला छान, पण घाण्याचं म्हणून जास्त ओतायची मुभा मिळत नाही. बाटलीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल कधीच नसतं. ते लिहिणं म्हणजे मिठाच्या पिशवीवर "साखर नाही" छापण्यासारखं. खोबरेल तेलात मात्र सुमारे 90 टक्के संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी असते आणि ती एलडीएल वाढवते. आमटीला ओलं खोबरं चिमूटभर ठीक, रोज वाटपाची वाटी नको. हे कोकणातून आलेल्या घरात सांगणं अवघड आहे, मला माहीत आहे.

तुपाबद्दल: वरणभातावर एक छोटा चमचा ठेवा. साय विरजून घरी केलेलं असलं तरी संपृक्त चरबी तेवढीच असते. पोळीला लावायचं तूप बंद केलं तर वरणावरचं वाचवता येतं. मी हा सौदा केला आणि टिकवला, कारण तो सोसवणारा होता.

खरा खलनायक मला बेकरीत सापडला. चहाबरोबर खारी, दुपारी पॅटिस, पाहुण्यांसमोर नानकटाई, प्रवासात टोस्ट. 2022 पासून खाद्यतेलं आणि त्यांपासून बनलेल्या पदार्थांत औद्योगिक ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी) 2 टक्क्यांच्या आत ठेवण्याचं कायद्याने बंधन आहे. चांगलं झालं, पण खारीचे पापुद्रे सुटतात ते अजून घट्ट चरबीवरच. ती चरबी ट्रान्स नसली तर संपृक्त असते. मिसळीचं तसं नाही: मटकीची उसळ हा उत्तम पदार्थ आहे, वरची तर्री आणि फरसाण हा प्रश्न. तर्री न घेता रस्सा मागा. वेटर एकदा बघेल, मग सवय होईल.

उपवासाचाही हिशेब करा. साबुदाणा खिचडी, तळलेले पापड, वेफर्स, वर राजगिऱ्याची चिक्की: हा उपवास साध्या दिवसापेक्षा जड पडतो. वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची पातळ आमटी, रताळं, ताक आणि फळं, एवढ्यावर एकादशी निघते.

आता काय वाढवायचं. पाण्यात फुगून चिकट होणारे तंतू आतड्यातल्या पित्ताला धरून बाहेर नेतात. नवं पित्त बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं आणि एलडीएल उतरतं. हे तंतू मिळतात ते राजमा, चवळी, मटकी, मसूर, ओट्स, जव, भेंडी, वांगं, पेरू, सफरचंद, संत्रं यांत. रोज एक वाटी उसळ ठेवा, रविवारची नव्हे, रोजची. पोळीऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी आठवड्यातून चार-पाच वेळा. शिवाय दिवसाला सुमारे 10 ग्रॅम इसबगोल, भरपूर पाण्यातून. यानेही एलडीएल पाच-सात टक्के हलतं. दुसऱ्या गोळ्या घेत असाल तर इसबगोल आणि त्यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

जवसाची चटणी परत आणा. चार बदाम किंवा दोन अक्रोड, तळलेले-खारवलेले नव्हेत. मासे खात असाल तर बांगडा आठवड्यातून दोनदा, रव्यात तळून नको, तव्यावर किंवा तिखल्यात. दिवसाला एक अंडं बहुतेकांना चालतं. मधुमेह असेल किंवा एलडीएल फार जास्त असेल तर पिवळ्या बलकाबद्दल डॉक्टरांना विचारा. मटण महिन्यातून एक-दोनदा, कलेजी-भेजा सोडून द्या.

ट्रायग्लिसराइड वाढलेली असतील तर तेलापेक्षा साखर, मैदा, पांढऱ्या भाताचा डोंगर आणि दारू यांच्याकडे आधी बघा. माझ्या 210 च्या मागे दिवसाचे चार कप अमृततुल्य चहा होते. दुपारचे दोन बंद केले, उरलेल्या दोनांत साखर अर्धी केली. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर असतील तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. ते प्रकरण पथ्यावर सोपवायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

लसूण जेवणात घाला, औषध म्हणून भरवसा ठेवू नका. दुधीचा रस मुळीच नको. कडू निघालेला दुधी विषारी ठरू शकतो, आणि "औषध कडूच असतं" म्हणून माणूस तो पिऊन टाकतो.

पायरी 5: टेकडी

आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा गतीने चालणं. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, जे घराजवळ असेल ते. पुण्यासारखी शहराच्या पोटातली टेकडी फार गावांना लाभत नाही. पण मी तीन दिवस टेकडी चढून उरलेला दिवस खुर्चीत बसत होतो, ते पुरेसं नव्हतं. जेवणानंतर दहा मिनिटांची शतपावली आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा-जोरांसारखा ताकदीचा व्यायाम जोडला, तेव्हा कमरेचा आकडा हलला. चालण्याने एलडीएल फारसं उतरत नाही. बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड आणि पोट उतरतं, आणि अटॅकचा धोका या सगळ्यांच्या बेरजेवर असतो. टेकडीवरून उतरल्यावर बन-मस्का खाऊ नका, बाकी माझं काही म्हणणं नाही.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू करत असाल, किंवा चढावर छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टर, मग चढ.

तंबाखूबद्दल एकच वाक्य: ती सुरू ठेवून वरचं सगळं करणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

पायरी 6: वजाबाकी आणि गोळी

प्रामाणिकपणे पाळलेल्या पथ्याने एलडीएल साधारण 10 ते 15 टक्के उतरतं. माझ्या 148 मधून 12 टक्के गेले तर 130. लक्ष्य 100. बाकी 30.

धोका कमी असणाऱ्याने ही बाकी बारा आठवड्यांनी पुन्हा मोजून मग ठरवावं. मधुमेह, आधीचा अटॅक, स्टेंट किंवा 190 च्या वरचं एलडीएल असेल तर पथ्य आणि गोळी एकदमच सुरू होतात, थांबायची मुभा नाही. मधल्या लोकांना ठरवता येत नसेल तर कॅल्शियम स्कोअर नावाचा छोटा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला चुना मोजतात. माझा शून्य आला नाही. निर्णय तिथेच झाला. साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून ब्लॉकेज नाही असं धरू नका, हे जाता जाता.

पहिली गोळी बहुधा स्टॅटिन. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात बुरशीतून शोधलेल्या रसायनापासून ही सगळी मालिका निघाली. आपल्याकडे मुख्यतः ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन देतात. मध्यम डोसाने एलडीएल 30 ते 50 टक्के उतरतं, जोरदार डोसाने निम्म्याहून जास्त. माझे 130 मध्यम डोसाने 80-85 वर यायला हवे होते आणि तसेच आले. एलडीएल सुमारे 39 मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण पाचांतली एक टळते, असं मोठमोठ्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून दिसलंय. आणि जितकी वर्षं खाली राहील तितका फायदा वाढतो.

डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट होत नाही. प्रत्येक दुपटीला जेमतेम 6 टक्के जास्त. म्हणून लक्ष्य गाठलं नाही तर डॉक्टर बरेचदा इझेटिमाइब जोडतात. ते अन्नातलं आणि पित्तातलं कोलेस्टेरॉल आतड्यातच अडवतं आणि 15-20 टक्के आणखी उतरवतं. त्यापुढे बेम्पेडोइक ॲसिड आणि इंजेक्शनं आहेत, पण तिथवर फार थोडे जातात. स्वस्तातलं हवं असेल तर जनऔषधी केंद्रात स्टॅटिन कमी किमतीत मिळतात.

ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही घ्या, फक्त वेळ एकच ठेवा. मी दात घासायच्या पेल्याशेजारी ठेवतो.

आता भीती. दोन्ही मांड्या किंवा खांदे दुखू लागले तर गोळी परस्पर फेकू नका, डॉक्टरांना सांगा. ते रक्तातला सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) बघतील, काही आठवडे थांबवतील, डोस किंवा औषध बदलतील. सॅमसन नावाच्या ब्रिटिश प्रयोगात, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्यांना आलटून पालटून खरी आणि नुसत्या पिठाची गोळी दिली. त्रासाचा सुमारे 90 टक्के भाग पिठाच्या गोळीवरही तसाच राहिला. दुखणं खरं असतं, कारण बहुधा दुसरं. मात्र दुखण्याबरोबर लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगर काठावर असेल तर ती थोडी वाढू शकते, पण अटॅक टळण्याचा फायदा त्याहून बराच मोठा. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन नको, हा गैरसमज. सुरू करण्याआधी लिव्हरची तपासणी केली की पुरतं. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर आधी सांगा. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक लिहून देत असतील तेव्हाही स्टॅटिन चालू असल्याचं सांगा.

"सुटत नाही" हा आक्षेप बरोबर आहे, अर्थ चुकीचा. व्यसन लागत नाही. गोळी बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी जातं, एवढंच. बाबांचा रिपोर्ट नॉर्मल होता तो गोळीमुळे.

सुरू केल्यापासून 4 ते 12 आठवड्यांत लिपिड पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. लक्ष्य गाठलं की वर्षातून एक-दोनदा पुरे.

पायरी 7: आजच करून ठेवायचं

अटॅकची लक्षणं आधी पाठ करा: छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, पोटाच्या वरच्या भागात "गॅस" जो ढेकर देऊन जात नाही. स्त्रियांत आणि मधुमेहींत नुसती धाप आणि विलक्षण थकवाही असतो. असं झालं की 108 ला फोन. अँटॅसिड पिऊन सकाळची वाट बघायची नाही, आणि स्कूटरवर मागे बसून सिंहगड रोडच्या गर्दीत तर अजिबात जायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर 300 मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खावी. फोनवरच्या माणसाला तसं सांगून घ्यावी. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (छातीदुखीची गोळी) जिभेखाली ठेवू नका, बीपी कोसळू शकतं. रोजची ॲस्पिरिनही "असू दे" म्हणून स्वतः सुरू करू नका. अटॅक न आलेल्यांत पोटातल्या रक्तस्रावाचा धोका फायद्याइतका भारी पडू शकतो.

दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये एक फाइल ठेवा: शेवटचे दोन लिपिड रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी डोससकट आणि एक जुना नॉर्मल ईसीजी. रात्री दोन वाजता इमर्जन्सीतला डॉक्टर नव्या ईसीजीशेजारी धरून बघायला तो जुना कागदच आधी मागतो.